गंजनानांच्या शेडमधला हात

आमचे शेजारी गंजनाना नवीन माणूस भेटला की त्याचं नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. "हात दाखवा," म्हणतात. आपण भाबडेपणाने हात पुढे केला की तळव्यावरून अंगठा फिरवून बघतात, मग शेडमधून आरशासारखी घासलेली एक लोखंडी प्लेट आणून समोर धरतात. "इथे टेकवा. दाबू नका. नुसता ठेवा." आपण ठेवतो. नाना प्लेट कडेने उचलून आत जातात ते परत येत नाहीत. चहा नाही, पाणी नाही. दोन दिवसांनी त्या प्लेटवर काय उमटलं त्यावर तुमची लायकी ठरते. बहुतेकांच्या प्लेटवर काहीच उमटत नाही, आणि अशा माणसांशी नाना पुढे हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत. हात दाखवून अवलक्षण ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिचा कारखाना आपल्या कुंपणाला लागून असेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

मी विमा कचेरीत दावे तपासायचो. म्हणजे लोक 'जळालं' म्हणत तिथे जाऊन खरंच जळालं का ते हुंगायचं. अशा नोकरीत माणसाचा स्वभाव संशयी होतो आणि निवृत्तीनंतरही तो सुटत नाही. मी आणि सुनंदा डोंबिवली सोडून वडिलांच्या वाडीत राहायला आलो, काशीदच्या पुढे आणि मुरूडच्या अलीकडे. नारळी-पोफळीत चार खोल्या बांधल्या आणि पर्यटकांना द्यायला लागलो. पर्यटक समुद्र बघायला येतात, खारे मासे खातात, पंख्याचा आवाज होतो म्हणून तक्रार करतात. त्यांना शेजारचे नाना आम्ही आपण होऊन कधी दाखवले नाहीत. ते आपोआपच दिसत.

नानांचं खरं नाव दिगंबर राऊत. गंजनाना हे गावाने ठेवलेलं, आणि ते त्यांना पदवीसारखं आवडतं. पोफळीसारखे उंच आणि तेवढेच सडसडीत. सदऱ्याच्या खिशात दुसऱ्यांच्या चष्मा असतो तसा त्यांच्या पॉलिशपेपर. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा उंबऱ्यातच थांबले, नाक वर केलं आणि म्हणाले, "घरात गंज आहे. डावीकडे कुठेतरी." सुनंदा घाबरली, तिला वाटलं जनावर आहे. शेवटी सिलिंडरची गाडी निघाली, खालून पार खाल्लेली. नाना तिथेच जमिनीवर बसून ती घासायला लागले. गावातल्या एका लग्नात तर भर पंगतीतून उठून त्यांनी मांडवाचा खांब घासला होता, आणि वरमाय भाताचं पातेलं हातात घेऊन बघत राहिली होती.

त्यांना हसायला सोपं आहे, पण इथे राहून बघा. हा वारा खारा. श्रावणात लावलेली कोरी कडी दिवाळीला हातात येते. गेटची बिजागरी रडते, सायकल रडते, आणि गावातली यच्चयावत कुलपं किल्ली न लावता उघडतात. नानांनी उभा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात धातूंवर लेप चढवण्यात घालवला आणि निवृत्तीनंतर कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचं लेझर यंत्र विकत घेऊन ते इथे, सुरूच्या बनाला पाठ लावून, शेडमध्ये मांडलं. मासेमारीच्या बोटींचे पंख्याचे शाफ्ट, पंपाच्या नळ्या, असलं काही समुद्राने खाल्लेलं आलं की नाना त्यावर लेप देतात.

तो लेप काय असतो, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. मी विचारलं नव्हतं.

"हे बघा ठाकूर, वितळलेल्या धातूतले अणू म्हणजे पंगतीला जमलेली माणसं. सगळी उभी, सैरावैरा. सावकाश थंड होऊ दिलं की आपापली पानं बघून ओळीने बसतात. इथे एक ओळ, तिथे दुसरी. दोन ओळींच्या मध्ये फट. गंज शिरतो तो त्या फटीतून. म्हणून मी काय करतो? बसूच देत नाही. धातूची पावडर फुंकतो, लेझरने वितळवतो, आणि खालचं लोखंड थंडगार असतं ते सगळी उष्णता क्षणात ओढून घेतं. जो जिथे उभा, तो तिथे गोठला. ओळ नाही, फट नाही. काच असते ना, तशी. लोखंडाची काच." मग त्यांनी चुटकी वाजवली. "वेळ द्यायचा नाही. वेळ दिला की संपलं."

"वेळ द्यायचा नाही" हे वाक्य नाना दिवसातून इतक्यांदा म्हणतात की वाडीतला पोपटही म्हणू लागेल. पण ते ऐकताना मला का कोण जाणे, लग्नघरातली सगळी माणसं उभ्याउभ्या, हात अर्धे वर, तोंडं अर्धी उघडी, कायमची गोठलेली दिसली. मी विषय बदलला.

नाना काम करतात ते टळटळीत दुपारी. तेव्हा विजेचा दाब बरा असतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे भर दुपारची वेळ चांगली मानत नाहीत. बारा वाजले की वाडीत पाखरू बोलत नाही, पोफळींच्या सावल्या बुंध्याशी गोळा होतात, आणि म्हातारी माणसं मुलांना विहिरीकडे जाऊ देत नाहीत. नेमक्या अशा वेळी नानांच्या शेडमधून एक लांबलचक फुत्कार येतो आणि फटींतून निळापांढरा उजेड थरथरत आमच्या माडांवर चढतो. वर सूर्य तळपत असताना माडाला दुसरीच सावली पडते आणि ती हलते. पुण्याच्या एका कुटुंबाने आमच्याबद्दल इंटरनेटवर लिहिलं होतं, "जेवण उत्तम. स्वच्छता उत्तम. शेजारी काय चालतं ते विचारू नये."

तर अशा नानांना मी हात दाखवला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. काखेत फडक्यात गुंडाळलेली प्लेट, आणि मुलगा बोर्डात आल्यासारखा चेहरा.

"ठाकूर, उमटला!"

फडकं सोडलं. चकचकीत लोखंडावर माझा हात लाल होऊन उगवला होता. पाचही बोटं, बोटांची पेरं, आयुष्याची रेषा, आणि अंगठ्याखाली लहानपणी कोयता लागला होता त्याची खूणसुद्धा. आपला हात आपल्या मनगटाला शाबूत असताना दुसरीकडे कुठेतरी तो आपोआप वर आलेला बघणं फारसं सुखाचं नाही. मी नकळत हात लेंग्याला पुसला.

"घामात मीठ फार. लाखात एखाद्याचा असा असतो," नाना म्हणाले. "गंजका हात!"

"तरीच!" आतून सुनंदा म्हणाली. "तरीच माझी विळी, माझी किसणी, माझा तवा! आणि इतकी वर्षं मी आपली भांडीवाल्यांना दोष देत्येय!" त्या दिवसापासून मला आमच्या स्वयंपाकघरात कशालाही हात लावायची बंदी झाली. ही बंदी मला मानवली, हे वेगळं सांगायला नको.

पण नानांचं समाधान एका हातावर झालं नाही. ते रोज हाक मारायला लागले. "ठाकूर, जेवून या. लोणचं खाऊन या. जरा चालून या, घाम पाहिजे." मी जायचो. प्लेट ठेवलेली असायची. मी हात टेकवायचो, ते प्लेट घेऊन जायचे आणि बदल्यात दोन नारळ द्यायचे. आमच्या वाडीत नारळांना तोटा नाही, पण नानांना नाही म्हणवत नसे. हात टेकवताना ते माझ्या तोंडाकडे कधी बघत नसत. हाताकडेच बघत. एकदा माझी करंगळी जरा बाहेर गेली तर त्यांनी ती दोन बोटांनी धरून हळूच आत सरकवली, एखाद्या झोपलेल्याचा हात सरळ करावा तशी.

दामू तांडेल आमच्याकडे मासळी टाकतो. नानांच्या कामावर त्याचा भारी विश्वास. "नानाचा शाफ्ट घातला का बोट फुटंल, शाफ्ट न्हाय," असं तो सगळ्या बंदरावर सांगतो. त्याने एक दिवस बांगडे मोजून दिले आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"भाऊ, तुमी नानाला हात देता?"

"देतो. का?"

"नका देव. नानी गेली तवापासून त्यो हात गोला करतो. माजा पन मागला व्हता. मी दिला, पन माज्या हाताला मासलीचं तेल. काय उठलं न्हाय." त्याने छातीवर हात ठेवला. "वाचलो."

"करतात काय त्या हातांचं?"

"त्ये कुनाला म्हाईत? पन दिलेला हात परत आलेला कुनी बगितला न्हाय."

हे सुनंदाने ऐकलं. नानी म्हणजे नानांची बायको. आम्ही इथे यायच्या आधीच ती गेली होती, तिला आम्ही पाहिलेलं नव्हतं. सुनंदाने त्याच संध्याकाळी माझी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि करणी कशी करतात याविषयी तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. माणसाचं नख लागतं, केस लागतो. "आणि तुम्ही अख्खा हात देऊन बसलात, तोही रोजचा!" ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर उजव्या हाताला उगाचच मुंग्या येऊ लागल्या. जेवताना घास तोंडाकडे नेताना मी आधी बोटांकडे बघायचो.

शेवटी माझ्यातला दावेतपासनीस उठला. जे दिलं त्याचं काय झालं, हे विचारायचा मला हक्क होता. भर दुपारी, फुत्कार सुरू झाल्यावर मी कुंपण ओलांडून शेडकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत नाना हिरवा चष्मा लावून यंत्राशी पाठमोरे उभे होते. उजेड थेट बघायचा नसतो एवढं मला माहीत होतं, म्हणून मी मान भिंतीकडे वळवली.

भिंतीवर माझे हात होते.

खालपासून छपरापर्यंत, ओळींनी, खिळ्यांना टांगलेले. सगळे उजवे. सगळे लाल. आणि एकही धड नव्हता. एकाच्या कडेने रुपेरी पट्टा फिरलेला, पण मधलं बोट जळून काळं पडलेलं. एकाचा नुसता अंगठा उरलेला. एकाला मनगटापासून उभी भेग. एकाची बोटं वितळून नाहीशी झालेली आणि नुसता तळवा, त्यावर माझी आयुष्याची रेषा अर्ध्यात तुटलेली. निळा उजेड थरथरला की सगळ्या प्लेटा चमकायच्या आणि ते सगळे हात एकदम बोटं हलवल्यासारखे दिसायचे. मी माझा खरा हात काखेत दाबून धरला.

शेडच्या कोपऱ्यात एका घडवंचीवर काहीतरी उभं ठेवलं होतं आणि त्यावर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घातलेला. पुढे अबोलीचं ताजं फूल. यंत्राच्या वाऱ्याने लुगड्याचा पदर वर झाला. आत आणखी एक हात होता. पण तो माझा नव्हता, आणि माणसाचा म्हणावा तर बोटं फार जाड होती. मधली दोन एकमेकांत मिसळलेली. सगळ्या कडांनी केसांसारखी लाल मुळं फुटून लोखंडावर पसरत चालली होती.

फुत्कार थांबला. नानांनी चष्मा कपाळावर चढवला. मला बघून ते दचकले नाहीत.

"बघितलात?"

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"मंदाचा. आमच्या हिचा." त्यांनी लुगडं नीट केलं. "एवढा नव्हता हो. लहानखुरा होता. वाढलाय."

मग मला स्टुलावर बसवून, पहिल्यांदाच पाणी देऊन, नानांनी सांगितलं. हे यंत्र आलं त्या वर्षी खंडेनवमीला मंदानानींनी त्याची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि आमच्याकडे नव्या गाडीवर, नव्या दारावर बायका ओल्या हळदीचा हात उठवतात तसा तिथे दिसली त्या वस्तूवर हात उठवला. ती वस्तू म्हणजे नानांनी सकाळभर घासून आरसा केलेली पहिली प्लेट.

"आणि हिचा हात कसला? तुमच्यासारखाच, गंजका! विळीला लावला विळी गेली, कुलपाला लावला कुलूप गेलं. लग्नाच्या वेळी पत्रिका पाहिली सगळ्यांनी, हात कुणी पाहिला नाही. मी गंजाचा वैरी आणि घरात ही! मी म्हटलं, अगं, प्लेट गेली की! ती हसली. म्हणाली, जाऊ दे, एक प्लेट माझी."

प्लेट शेडमधल्याच भंगारात पडली. त्या थंडीत मंदानानी गेल्या, झोपेतच. पुढच्या पावसाळ्यात काहीतरी शोधताना नानांनी ती प्लेट उलटी केली आणि हात समोर आला. हळद धुऊन गेली होती. गंज राहिला होता.

"फोटोत ती सगळ्यांकडे बघते," नाना म्हणाले. "हा मात्र तिने स्वतः ठेवलाय."

पण गंज एका जागी थांबत नाही. दर पावसाळ्याला हात सुजत गेला. तेल लावलं तर काळा पडायला लागला. व्हार्निश लावलं तर त्याखालून लाल रेघा सरपटू लागल्या. आता बोटं मिसळायला लागली होती. "यंदाचा पाऊस लागला की हात राहणार नाही, ठाकूर. नुसता डाग राहील."

मी शहाणपणा केला. म्हटलं, काचेच्या पेटीत ठेवा, आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाका.

"तिला पेटीत घालू?" नाना म्हणाले. "दिवसभर अंगणात असायची ती बाई."

त्यांना हवा होता लेप. हातावर नाही, कारण हात वितळला असता. हाताभोवती. बोटाबोटाच्या कडेने लोखंडाच्या काचेची अशी वेस घालायची की गंजाला आडवं पसरायला वाटच राहू नये. खोल जाईना का, प्लेट जाड आहे. अडचण एकच होती. लेझरचा पट्टा अरुंद असतो, म्हणून एकाशेजारी एक पट्टे ओढावे लागतात, आणि नव्या पट्ट्याची झळ जुन्याला लागली की त्यातले गोठलेले अणू जागे होऊन ओळी धरतात. सांध्यात फट येते. आणि झळ जरा जास्त झाली तर आतला हातच तडकतो. मंदानानींची प्लेट एकच होती. म्हणून सरावाला तसाच हात हवा होता. ज्याच्या घामाला तसंच मीठ आहे असा.

"म्हणजे माझी बोटं जाळून तुम्ही शिकत होतात?" मी म्हटलं.

"प्लेटवरची," नाना म्हणाले. "तुमच्यावर चुकलो तर चालतं ना."

घरी येऊन मी सुनंदाला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही कपाळाला हात लावणार. तिने पान वाढलं आणि त्यावर लिंबाचं लोणचं इतकं घातलं की भात दिसेना.

"खा आणि जा," ती म्हणाली. "हवे तेवढे हात द्या त्यांना."

ज्येष्ठात आभाळ भरायला लागलं तेव्हा भिंतीवरच्या शेवटच्या तीन-चार हातांची बोटं शाबूत होती. नानांनी सांगितलं, आता थांबता येणार नाही. दामू बंदरावरून मासळीचा बर्फ घेऊन आला, प्लेटच्या खाली फिरवायचं पाणी थंडगार ठेवायला. सगळी शेड बोंबलांच्या वासाने भरली. दामू दारातच उभा राहिला, दोन्ही हात मागे बांधून. "मी कशाला हात लावनार न्हाय," त्याने आधीच सांगून टाकलं.

नानांनी लुगडं काढलं, घडी करून बाजूला ठेवलं. प्लेट यंत्राखाली आवळली. आम्हाला हिरवे चष्मे दिले. स्वतःचा लावला, काढला, पुसला, परत लावला. पट्टे ओढणार होतं ते यंत्रच, नानांनी फक्त कळ दाबायची होती, पण ती दाबायला त्यांना फार वेळ लागला.

"नाना," मी म्हटलं, "वेळ द्यायचा नाही."

त्यांनी कळ दाबली.

फुत्कार उठला. उजेडाचा ठिपका मनगटापासून निघाला आणि अंगठ्याच्या कडेने वर चढू लागला, एखाद्या लहान मुलाचा हात पाटीवर ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवावी तसा. मागे रुपेरी रेघ उरत होती. भिंतीवरचे माझे सगळे हात तडफडत होते. दामू तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होता. ठिपका मिसळलेल्या बोटांपाशी आला तेव्हा नानांनी डोळे मिटून घेतले, आणि मी यंत्राऐवजी नानांकडे बघत राहिलो. काहीतरी तडकल्याचा आवाज झाला. नाना मटकन स्टुलावर बसले.

"बर्फ हाय नाना," दामू दारातून ओरडला. "बर्फ फुटला!"

थांबलं तेव्हा दुपार कलली होती. हात जागेवर होता. सुजलेला, मधली बोटं जोडलेली, पण भोवती पांढुरकी चकाकी वेस धरून उभी. आता तो वाढणार नव्हता. नाना प्लेटजवळ तोंड नेऊन बोटाबोटाची कड बघत होते आणि चष्म्याच्या काचेवर पाणी पडत होतं ते पुसत नव्हते.

मला मात्र बसवेना. दावेतपासनीस तो दावेतपासनीस. मीही चष्मा लावून कड तपासली आणि करंगळीपाशी थांबलो. तिथे लेप नव्हता. अंगठ्याकडून सगळं बंद, आणि करंगळीच्या बाजूला एक बारीक पट्टी उघडीच. तिच्यापलीकडे, प्लेटच्या उरलेल्या अर्ध्यात, हाताच्या पंजाएवढा चौकोन नुसता घासून चकचकीत ठेवलेला.

"नाना, इथे राहिलं."

"राहिलं नाही," नाना म्हणाले. "ठेवलंय. तिथे माझा."

मग त्यांनी मला आपला हात दाखवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. कोरडा, पांढरट, कागदासारखा. नाना म्हणाले की याच हातामुळे त्यांना लेपाच्या खात्यात घेतलं होतं. जन्म लोखंडात गेला, पण एकाही प्लेटवर त्यांचा हात कधी उमटला नव्हता. गेल्या वर्षभरात त्यांनी लोणच्याची बरणी संपवली, पायाला सूज आली, डॉक्टर ओरडले. उन्हात बसून पाहिलं. रोज सकाळी फूल ठेवलं की घासलेल्या तुकड्यावर हात टेकवायचे आणि दोन दिवसांनी बघायचे. काही नाही.

"तुमचा कसा हो येतो, ठाकूर?" त्यांनी विचारलं. जन्मभर ज्या गंजावर त्यांनी दात धरला, तो माझ्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही याचा त्यांना हेवा वाटत होता. मी आपला हात पाठीमागे घेतला.

हे मी रात्री सुनंदाला सांगितलं. ती कूस बदलून म्हणाली, "हात कोरडा असेल. समुद्र थोडाच कोरडा आहे?"

सकाळी ती स्वतः किनाऱ्यावर गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. त्यात हळद कालवली. मग, मीठमोहऱ्यांवाली माझी ही बायको, जन्मात पहिल्यांदा त्या शेडमध्ये शिरली. भिंतीवरच्या माझ्या हातांकडे तिने एकदा बघितलं, पदर खांद्यावर ओढून घेतला आणि सरळ नानांसमोर जाऊन उभी राहिली.

"नाना, हात दाखवा."

नानांनी शाळेतल्या पोरासारखा हात पुढे केला. सुनंदाने त्यावर पाणी ओतलं, बोटाबोटाला हळद लावली, कुंकवाचं बोट टेकवलं. नाना प्लेटपाशी गेले. हात वर धरून थांबले.

"दाबू नका," मी म्हटलं. "नुसता ठेवा."

त्यांनी ठेवला. करंगळीला करंगळी लागेल न लागेल इतक्या अंतरावर. किती वेळ ठेवला ते मी बघितलं नाही, आम्ही दोघं बाहेर येऊन उभे राहिलो. सुरूच्या बनात वारा नव्हता आणि समुद्राचा आवाज फार जवळून येत होता.

तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून हाक आली नाही, म्हणून मीच गेलो. नाना घडवंचीसमोर बसले होते. पुढे अबोलीची दोन फुलं. प्लेटवर मंदानानींच्या हाताशेजारी आणखी एक हात आला होता. पुसट, तीनच बोटं धड, तळवा अर्धा. पण लांब सडसडीत बोटं नानांचीच होती, आणि त्यांच्या करंगळीच्या टोकाला एक केसाएवढं लाल मूळ फुटून उघड्या पट्टीत शिरलं होतं.

मी इतक्या दिवसांत नानांकडून जे शिकलो होतो ते नानांनाच सांगू लागलो. "नाना, ही पट्टी आत्ताच बंद करायला हवी. पावसाळा तोंडावर आहे. हा असा सरकत सरकत थेट नानींच्या हातात जाऊन मिसळेल."

"कधीपर्यंत, असं वाटतं तुम्हाला?"

"दोन-तीन पावसाळे."

नानांनी लुगड्याचा तुकडा उचलला, दोन्ही हातांवरून नीट पांघरला, आणि कडा सारख्या केल्या.

"याला वेळ द्यायचा," ते म्हणाले.